तेहतीस किलोची शेगडी आणि एक छोटी होडी

होडीत शेगडी नेणाऱ्या माणसानं आधी दोन वजनं करावीत. एक शेगडीचं, दुसरं स्वतःचं. पहिलं मी केलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. दुसरं देवबागच्या खाडीनं केलं.

मी कसबा बावड्यात राहतो आणि शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे प्रवासातलं मला सगळं माहीत असतं, फक्त प्रवास सोडून. गेल्या हिवाळ्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आमची मुलगी मुक्ता पुण्याहून आली होती. तिनं जुने फोटो बाहेर काढले आणि एकेक बघत बसली. मग चार-पाच फोटो एका ओळीत मांडले.

"बाबा, आईच्या हातात प्रत्येक फोटोत काहीतरी आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. पन्हाळ्यावर तीन दगडांची चूल, आणि तिच्यापुढे माझी बायको शैला, हातात पळी. गणपतीपुळ्याला लॉजच्या गॅलरीत स्टोव्ह, शैलाच्या हातात स्टोव्हची पिन. गोव्यात आम्ही सगळे समुद्राकडे बघून हसतोय आणि मागे ती समुद्राकडे पाठ करून भाकरी थापतेय. आम्हा कोल्हापूरकरांची सहल म्हणजे स्वयंपाकघराची बदली. परक्या गावात परक्याच्या हातचं खायचं तर गेलोच कशाला, असा आमचा बाणा. तो बाणा कोणाच्या जिवावर चालतो, ते फोटोत दिसत होतं.

"आई, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुला काय पाहिजे?" मुक्तानं विचारलं.

शैला मटकी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला एकदा नावेत बसून आयतं खायचंय."

"मग हॉटेलात जाऊ की," मी म्हणालो.

"हॉटेलात सगळ्यांनाच आयतं मिळतं. मला तुमच्या हातचं पाहिजे." मग एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "लग्न झाल्यावर रंकाळ्यात नावेत बसलो होतो, आठवतं का? तुम्ही भडंगाची पुडी आणली होती. कांदा, कोथिंबीर तुम्हीच घातलीत, तुम्हीच कालवलंत. त्यानंतर आयतं असं मला काही आठवत नाही."

मलाही आठवेना. मी लगेच शब्द देऊन टाकला. नावेत बसायचं, मी भाजणार, मी वाढणार, आणि पाण्यावर असेपर्यंत शैलानं पळीला हात लावायचा नाही. मुक्ताला हसताना ठसका लागला, पण तिकडं मी लक्ष दिलं नाही. मला चहा येतो.

कोल्हापूर : शेगडीची निवड

मुक्तानं पुण्याला गेल्या गेल्या फोनवर तीन शेगड्या पाठवल्या. पहिली गॅसची. पण लहान होडीत सिलिंडर घेऊन बसायचं म्हणजे लग्नाचा पंचविसावा वाढदिवस शेवटचा ठरायचा. दुसरी विजेवरची. तिचा प्लग कुठं खुपसायचा, माशाच्या तोंडात? तिसरी घडीची, कोळशावरची, पत्र्याची, बगळ्यासारख्या पायांची. ती मी घेतली. आली तेव्हा खोक्यात काही आहे की नाही म्हणून हलवून बघावं लागलं.

ती दाखवायला मी उचगावला बाळूकडे गेलो. बाळू माझा शाळेपासूनचा मित्र. उचगावच्या कडेला त्याचा लोखंड ओतायचा छोटा कारखाना आहे. पंपाची चाकं, मोटारीची बुडं असलं काहीबाही तिथं ओततात. बाळूनं शेगडी दोन बोटांत धरली आणि उजेडाकडे करून पाहिली.

"मास्तर, ह्यो पत्रा हाय का वर्तमानपत्र? ह्याच्यावर पापाड भाजा. मटान न्हवं."

"अरे, होडीत न्यायची आहे. हलकीच पाहिजे."

"हलकी? वारं आलं की आधी शेगडी जाईल, मागनं तुम्ही. बीडाची ओतून देतो की! तुमचं नातू बी वापरत्याल."

"वजन किती होईल?"

"वजनाचं काय घिऊन बसलाय? वजन असल्याबिगर वस्तूला मान न्हाय."

आता सांगतो, जगात हे फक्त कोल्हापुरातच होऊ शकतं. इथं कुठलीही वस्तू विकत घेतली की तीच आपण जास्त दणकट करू शकतो, असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. आणि तो करूनही देतो. आठ दिवसांत बाळूनं शेगडी ओतली. बिडाचं काळंभोर बूड, वर काढता येणारी सळ्यांची जाळी, दोन्ही बाजूंना धरायला कडी. पाय असे की बैलानं मान ठेवली तरी वाकणार नाहीत. काट्यावर ठेवली, तेहतीस किलो भरली.

"कडी बसवलीत न्हवं? म्हंजे उचलायची सोय झाली," बाळू म्हणाला.

परसात चाचणी घेतली. मटण असं उतरलं की शेजारचे पाटील भिंतीवरून ताट घेऊन आले. पत्र्याची शेगडी मी माळ्यावर टाकली. माझा विश्वास इतका वाढला की मी शैलाला होडीत पांढरा रस्साही मिळेल असं सांगून बसलो. रस्सा थर्मासमधून न्यायचा. आता रस्सा थर्मासमध्ये आपोआप होत नाही. निघायच्या आदल्या दिवशी तीळ, खसखस, खोबऱ्याचं वाटण तिनं केलं, मटणाला मसालाही तिनंच चोळला. मी शेजारी उभा राहून किती घालायचं, कधी घालायचं एवढं विचारत होतो.

"हे पाण्यावर नाही ना, म्हणून," ती म्हणाली. "पाण्यावर तुमचा शब्द सुरू."

फोंडा घाटाच्या अलीकडं

घाटाआधी चहाला थांबलो. मागच्या सीटवर बर्फाच्या खोक्यातून पाणी ठिबकत होतं. टपरीवाल्यानं वाकून पाहिलं.

"पावणं, कुठं, मालवणला? मासं खायला चाललाय न्हवं? मग खोक्यात काय हाय?"

"मटण."

त्यानं किटली खाली ठेवली. "समुद्राला मटान?"

बाकड्यावर बसलेला एक फेटेवाला म्हणाला, "बरोबर हाय की! तिकडं काय मिळतंय? निसता मासा."

मला फार बरं वाटलं. शैला गाडीत बसून हसत होती. का, ते मी विचारलं नाही.

देवबाग : पहिली संध्याकाळ

देवबाग ही जमिनीची एक लांब जीभ आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि मधे माड, घरं, माणसं. घराच्या पुढच्या दाराशी लाटांचा आवाज आणि मागच्या दाराशी शांत पाणी. आमच्याकडं पंचगंगेला पूर आला की नदी घरात येते. इथं लोक दोन पाण्यांच्या मधे घर बांधतात आणि वर निवांत झोपतात.

आम्ही उतरलो ते बाबलकाकांकडे. साठीचे, सुंभासारखे वाळलेले, कमी बोलणारे. त्यांची दोन खोल्यांची राहायची सोय होती आणि स्वतःची एक होडी. मी आणि ते मिळून शेगडी गाडीतून उतरवली. त्यांनी ती सगळीकडून पाहिली.

"ह्यो नांगर खंयसून हाडलात?"

"होडीचा नांगर नाही काका, कोल्हापूरहून आणलेली शेगडी आहे. उद्या होडीत मटण भाजायचंय."

त्यांनी होडीकडे बोट केलं. "होडी फायबरची आसा. इंगळो पडलो तर बुडाक भोक पडतला. मगे तुमी कोल्हापुराक पोवत जातल्यात?"

इंगळ म्हणजे निखारा. होडी लाकडाची असेल असं मी गृहीत धरलं होतं. माझ्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चित्रात ती लाकडाचीच आहे.

शैला म्हणाली, "जाऊ दे. किनाऱ्यावर भाजा, इथं अंगणात खाऊ."

"अंगण बावड्यात पण आहे," मी म्हणालो. "तुला नावेत पाहिजे होतं ना?"

ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचे प्रकार मला पंचवीस वर्षांत ओळखता येऊ लागले आहेत. हा 'पाहिजे होतं, पण मला सवय आहे' या जातीचा होता. हा प्रकार सर्वांत वाईट.

मी बाबलकाकांना गळ घातली. शेवटी त्यांनी तोड काढली. होडीच्या बुडावर भिजवलेली पोती अंथरायची, त्यावर चार टोपल्या ओली वाळू, वाळूवर शेगडी. "तरीय वजन बघून बसूचा लागतला," ते म्हणाले. ते वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

रात्री जेवायला काकूंनी बांगड्याचं तिखलं वाढलं. तिरफळांचा वास, घट्ट लाल रस, भात. मी तीनदा भात घेतला आणि 'चांगलं आहे, पण आमच्याकडं रस्सा जरा पातळ असतो' असं बोललो. काकू नम्र बाई, हसल्या. शैला ताट उचलायला उठली, तिला काकूंनी बसवलं. ती परत उठली, पाणी आणलं. बसली. पुन्हा उठली. मी मोजत होतो. एका जेवणात ती पाच वेळा उठली, आणि घर तिचं नव्हतं.

खाडी : दुसरा दिवस

सकाळी अकराला निघालो. दुपारी साडेबाराला ओहोटी लागणार, त्याआधी खाऊन परत येऊ, असं मी वेळापत्रक सांगितलं. भरती-ओहोटीचा धडा मी सातवीला दर वर्षी शिकवतो. बाबलकाका म्हणाले, "सुकती सुरू झाली." मी म्हणालो, ओहोटीला अजून दीड तास आहे. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, मी घड्याळाकडं.

होडी अरुंद होती. मागच्या टोकाला इंजीन आणि बाबलकाका. वाळू आणि शेगडी पुढच्या बाजूला, कारण तेवढी सपाट जागा तिथंच होती. पुढचं टोक वजनानं खाली गेलं, म्हणून काकांनी मला मागच्या फळीवर बसवलं. तेव्हा ते वर आलं. पुढं तेहतीस किलोचं बीड, चार टोपल्या वाळू आणि शैला. मागं बाबलकाका आणि मी. होडी एकदम समतोल. माझं वजन मी सांगत नाही, हिशेब वाचकांनी करावा.

खाडीच्या मध्यावर इंजीन बंद केलं. डाव्या हाताला खारफुटी, त्यात पांढरे बगळे. पाणी हिरवं आणि तेल लावल्यासारखं गुळगुळीत. शैला पुढं पाण्यात बोटं बुडवून बसली होती. हातात काहीही नव्हतं. मी मनातल्या मनात बाळूला नमस्कार केला, उठलो आणि शेगडी पेटवायला पुढं निघालो.

दोन पावलं टाकली असतील. होडीचं नाक खाली गेलं आणि हिरवं पाणी काठावरून आत आलं.

"मास्तरानू! मागे! मागे सरा!"

मी मागं सरलो ते बसलोच. सकाळी काकूंच्या चुलीवर गरम करून भरलेला थर्मास आडवा झाला, झाकण उडालं आणि तीळ-खसखशीचा पांढरा रस्सा माझ्या पँटवरून होडीच्या बुडात गेला. गरम होता. माझी ओरड ऐकून खारफुटीतले बगळे उठले.

मग मी रांगत गेलो, तरी नाक खाली. मग पोटावर सरपटत. बाबलकाका म्हणाले, "सरपाटलात म्हणान वजन कमी होणा नाय."

परिस्थिती अशी होती. होडीत शेगडीजवळ बसू शकेल असं एकच माणूस होतं. पन्नास किलोचं. शैला.

तिलाही ते कळलं. तिनं बोटं पाण्यातून काढली, पदराला पुसली आणि हात पुढं केला.

"द्या इकडं काडेपेटी. चिमटा पण द्या."

"नको."

"अहो, काय होतंय? मला काय नवीन आहे?"

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती पदर खोचायला लागली. आता हाही फोटो त्या जुन्या फोटोंत जाणार, मागं पाणी, पुढं शेगडी, हातात चिमटा. आणि ही शेगडी मी खास ओतून घेतली होती.

तेवढ्यात मला जाणवलं की खारफुटी मागं सरकतेय. बाबलकाकांनी नांगर टाकला होता, पण चार नखांचा तो हलका नांगर वाळूत घसरत होता. ओहोटी जोर धरत होती, होडीत नेहमीपेक्षा जास्त भार होता, आणि आम्ही हळूहळू खाडीच्या तोंडाकडे, समुद्राकडे चाललो होतो. मी घड्याळ बाहीत लपवलं.

"इंजीन चालू करून घराक जावया," काका म्हणाले. "काठार खावा."

शैलानं मान हलवली. तिचा होकार तयारच असतो.

मी म्हणालो, "काका, काल तुम्ही या शेगडीला काय म्हणाला होता?"

"नांगर."

"मग टाका ती पाण्यात."

"अहो!" शैला म्हणाली. "बाळूभाऊजींनी एवढी हौसेनं..."

"बाळूला मी बघतो. जाळी काढून घ्या, बाकीची टाका."

काका एकदाच माझ्याकडं बघून हसले. शैला सरकत मधल्या फळीवर आली, काका पुढं गेले. जाळी बाजूला काढली. दोन्ही कड्यांतून दोर ओवला, एक गाठ मारली, ती खेचून बघितली. मग पोत्यावरून सरकवत त्यांनी बाळूची शेगडी काठावर आणली आणि लोटली. धप्प! दोर सरसरत गेला, ताणला. होडी एक हिसका खाऊन थांबली. पुढचं टोक वर आलं. खारफुटी जागच्या जागी उभी राहिली.

"बरो आसा," काका म्हणाले. कोल्हापूरच्या बिडाला कोकणात मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

"आता भाजायचं कशावर?" शैलानं विचारलं.

काकांनी मागं येऊन माझ्याच फळीखाली हात घातला आणि तेलाचा अर्धा कापलेला पत्र्याचा डबा काढला. आतून धुरानं काळा झालेला. त्यात होडीतलीच ओली वाळू भरली, वर करवंट्या आणि मूठभर कोळसे. वजन म्हणाल तर त्या माळ्यावरच्या पत्र्याच्या बगळ्यापेक्षा कमी.

"हा डबा कधीपासून आहे?"

"माझ्या बापाशीपासून. रात्रभर जाळी टाकूक गेलो की ह्याच्यारच जेवाण."

"मग काल का बोलला नाहीत?"

"तुमी इचारलात खंय? एवढी मोठी शेगडी हाडलात, माका वाटला तुमका सगळा ठावक आसा."

मी डबा दोन गुडघ्यांत धरला. मला जागेवरून हलायचीच गरज नव्हती. शैला पुढच्या टोकाला जाऊन बसली, काका मधे, मी मागं. करवंट्या पेटल्या. डब्यावर बाळूची जाळी ठेवली, ती मात्र घडवल्यासारखी बसली. आधी मटण टाकलं. काकांनी बर्फाच्या खोक्यातले, काकूंनी सकाळी मसाला लावून दिलेले चार बांगडे काढून पुढं ठेवले.

"मटाण शिजासर सुकती संपात. आधी ह्ये भाजा."

मी मटण बाजूला सरकवलं. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला आहे, कोल्हापुरातले लोक वाचणार आहेत. बांगड्याची कातडी फुगली, चरचरली, चरबी निखाऱ्यावर पडून धूर थेट माझ्या डोळ्यांत. शैला लांबून सांगत होती, "उलटा आता... नको, थांबा... आता!" तोंड वापरू नये असं काही मी दिलेल्या शब्दात नव्हतं. हात मात्र तिनं मांडीवर ठेवले होते.

पहिलं ताट मी भरलं. एक बांगडा, भाकरी, कांदा. ते काकांच्या हातात दिलं, काकांनी तिच्या हातात. पंगतीत वाढावं तसं. शैलानं घास घेतला. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. बोर्डाच्या परीक्षेचा निकालसुद्धा मी एवढा निरखून बघत नाही.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

सगळीकडं खारं पाणी आणि ताटात मीठ कमी. मिठाची डबी माझ्यामागं, पिशवीत होती. शैलानं ताट मांडीवरून उचललं आणि सवयीनं उठायला लागली.

"वैनीनू, उठूचा नाय!" बाबलकाका एवढ्या मोठ्यानं ओरडले की मीच दचकलो. "मास्तरांच्या हातात इंगळाचो डबो आसा! होडी कलांडली तर सगळ्यांका घेऊन जातली. बसान ऱ्हवा!"

शैला बसली. मी मीठ काकांकडं दिलं, काकांनी तिच्याकडं. थोड्या वेळानं तिला पाणी पाहिजे होतं. ती उठणार, तेवढ्यात काकांनी नुसतं बोट वर केलं. पाणी गेलं. मग भाकरी गेली. मग माझं मटण गेलं, जरा चिवट. ते तिनं बराच वेळ चावलं आणि दुसरा तुकडा मागितला. ती ताट संपेपर्यंत एकदाही उठली नाही. उठायची सोयच नव्हती.

शेवटी ती मागं रेलली, हात पाण्यात धुतला आणि म्हणाली, "अहो, जेवण गरम असताना असं लागतं होय?"

डोळ्यांत धूर गेला म्हणून मी डोळे पुसले. धूर तेव्हा जवळजवळ संपला होता.

काकांनी तिच्या फोननं फोटो काढला. पुढं शैला, हात रिकामे, मान वर करून हसतेय. मागं डबा गुडघ्यांत धरलेला एक काळवंडलेला माणूस, तोंड उघडं.

परत निघताना दोर मधल्या फळीपाशी घेऊन शेगडी वर काढायला दोघं लागलो, वाळूत फूटभर रुतली होती. काका तिच्यावरचा चिखल धूत म्हणाले, "मास्तरानू, ह्यो नांगर माका ठेवन जावा." ठेवला. जाळी तेवढी आणली.

परत बावड्यात

बाळू दुसऱ्याच दिवशी आला. "चालली का न्हाय शेगडी?"

"बाळू," मी म्हणालो, "भर ओहोटीत होडी तसूभर हलली नाही."

तो फुलला. "सांगितलं न्हवतं? वजन असल्याबिगर वस्तूला मान न्हाय!" बाकीचं त्याला हे वाचून कळेल.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं जेवायला बसलो. शैलाची आमटी, भात, लोणचं. मी पहिला घास घेतला आणि पंचवीस वर्षांच्या सवयीनं म्हणालो, "मीठ कमी आहे."

ती उठायला लागली. एक हात जमिनीवर, एक गुडघा वर.

"उठूचा नाय," मी म्हणालो. "बसान ऱ्हवा."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि बसली. मी उठलो, आत गेलो. मीठ कुठल्या डब्यात असतं हे मला माहीत नव्हतं. चौथ्या डब्यात सापडलं. घेऊन आलो. घर कलंडलं नाही.